पायाचं माप

म्यूदों, पॅरिसजवळ
१३ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोन दादाच्या हातात असतो, स्पीकर चालू असतो, आणि मला जे बोलायचंय ते चार माणसांत बोलण्यासारखं नाही. म्हणून लिहितेय. दुपारी सगळी रानात गेली की चष्मा लावून निवांत वाच.

परवा रविवारी ऑलिंपिकमधली बायकांची मॅरेथॉन आमच्या घराजवळून गेली. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. तुमची दिंडी साधारण दोन दिवसांत चालते तेवढं अंतर. पॅरिसच्या महापालिकेसमोरून सकाळी आठला सुरुवात, तिथून वर्सायच्या राजवाड्यापर्यंत आणि परत पॅरिसला. वाटेत इतके चढ की सगळे मिळून ४३६ मीटर वर चढावं लागतं. त्यातला सगळ्यात वाईट चढ अठ्ठावीस किलोमीटर संपल्यावर येतो, आणि तो आमच्या इकडचा. पावे दे गार्द म्हणतात त्याला. सगळ्यात खडी जागा अशी की शंभर मीटर पुढे गेलं की साडेतेरा मीटर वर. एरवी मीसुद्धा बाजाराची पिशवी घेऊन तो चढले की मध्ये एकदा थांबते. मी तिथेच जाऊन उभी राहिले. पाणी, चार पोळ्या आणि लोणचं घेतलं होतं बरोबर.

हा रस्ता का निवडला, ते ऐक. १७८९ साली पॅरिसमध्ये पाव मिळेनासा झाला होता. ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बाया उठल्या आणि भर पावसात चालत वर्सायला राजाच्या दारात गेल्या. पोरांना खायला नाही, म्हणून. दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच त्या पॅरिसला परतल्या. त्यांची आठवण म्हणून यंदाची मॅरेथॉन त्या वाटेने नेली. आणि दरवेळी शेवटच्या दिवसाचा मान पुरुषांच्या मॅरेथॉनला असतो, तो यंदा पहिल्यांदा बायकांना दिला. पुरुषांची शनिवारी सकाळी उरकली. शनिवारी रात्री त्याच रस्त्यावरून साधी माणसं पळाली, २०,०२४ जण. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई, साठी उलटलेल्या, त्याही होत्या. मध्यरात्रीनंतर त्या चढावर दिसल्या तेव्हा मला दिवे घाटातली तू आठवलीस. वाकलेली, एक हात गुडघ्यावर, पण तोंडाने चालूच.

रविवारी साडेनऊ वाजून गेले आणि खालून आधी मोटारसायकली आल्या, मग घोळका. आई, टीव्हीवर कळत नाही त्या किती हलक्या असतात ते. आपल्याकडची सातवी-आठवीची पोर दिसावी तशा काही जणी. चढावर माणूस धापा टाकतो ना, त्यांचा मात्र आवाज येत नव्हता, फक्त बुटांची टपटप. एक तर माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. कानशिलावर घामाचं मीठ सुकून पांढरं झालेलं, आणि नजर समोर दोन पावलांवर, वर चढाच्या टोकाकडे नाहीच. वारीत तू मला हेच सांगायचीस. घाटमाथा बघू नको, पुढच्या बाईची टाच बघ.

त्या घोळक्याच्या शेपटाला सिफान हसन होती. नेदरलँड्सची. मूळची इथिओपियाची, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून तिकडे आली आणि नर्सिंग शिकता शिकता पळायला लागली. हिने याच ऑलिंपिकमध्ये आधी ५,००० मीटरला कांस्य घेतलं, शुक्रवारी रात्री १०,००० मीटरला कांस्य घेतलं, आणि रविवारी सकाळी ही मॅरेथॉनला उभी. मध्ये धड दीड दिवसही नाही. पात्रता फेरी धरून दहा दिवसांत ६२ किलोमीटर शर्यतीचं पळणं झालं तिचं. ती मागे पडलेली बघून मला वाटलं, संपली बिचारी.

पुढचं मी तिथेच उभी राहून फोनवर पाहिलं. शेवटच्या वळणापर्यंत ती आणि इथिओपियाची तिगिस्त असेफा, दोघीच उरल्या. असेफा म्हणजे तेव्हाची जगातली सगळ्यात वेगवान मॅरेथॉनची बाई, २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांची. तिने आतली बाजू अडवली, सिफान तिथूनच घुसली, कोपराला कोपर लागलं, आणि शर्यत संपते तिथे, अँव्हालिद नावाच्या जुन्या इमारतीच्या सोनेरी घुमटासमोर, सिफान तीन सेकंदांनी पुढे. २ तास २२ मिनिटं ५५ सेकंद, ऑलिंपिकचा विक्रम. तिसरी केनियाची हेलन ओबिरी. इथिओपियाने तक्रार केली होती, ती टिकली नाही. रात्री समारोपाच्या सोहळ्यात सिफान हिजाब बांधून पदक घ्यायला उभी राहिली. मला फार बरं वाटलं ते बघून. जी आहे तशी उभी राहिली.

पण मी चढावरून हलले नव्हते. पहिल्या गेल्या, मधल्या गेल्या, तरी माणसं जाईनात. साडेदहाच्या पुढे सगळ्यात शेवटची आली, भूतानची किनझांग ल्हामो. डोंगरातल्या शर्यतींची सवय असलेली पोर, पण या वेगाच्या बायकांत एकटी मागे राहिलेली. कधी चालत होती, कधी पळत होती. आणि माणसं काय ओरडत होती म्हणून सांगू! कुणी सायकलवरून तिच्या बाजूने, कुणी पळत. मीही पळाले आई. पायात चपला, खांद्याला पिशवी, चाळीसएक पावलं असतील. "चल बाई, चल" असं मराठीतच ओरडले. तिला काय कळणार, पण तिने मान हलवली. ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांनी पोचली ती, ऐंशीवी. एकूण ९१ जणी निघाल्या होत्या, त्यातल्या अकरा जणी पोचल्याच नाहीत.

आता मूळ मुद्दा. दादाने फोनवर सांगितलं, त्याच्या थोरलीचं सकाळचं पळणं बंद करायचं म्हणतात. दहावीचं वर्ष, आणि गावात लोक बोलतात, अंधारात पोर हाफ पँटवर रस्त्यानं पळते. मी दादाला काही बोलले नाही. तूही काही बोलली नसशील, मला माहीत आहे.

मी नववीत तालुक्याला ८०० मीटरमध्ये पहिली आले होते, आठवतंय? जिल्ह्याला जायचं होतं. आजोबा म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं पळणं सोसत नाही, पुढं बाळंतपणं आहेत. नाना गप्प बसले. तूही गप्प बसलीस. पण त्या रात्री तू माझे कॅनव्हासचे बूट धुतलेस, खडूने पांढरे केलेस, आणि कणगीमागे ठेवलेस. मी पाहिलं होतं. मी लग्न होऊन गेले तेव्हाही ते तिथेच होते.

आजोबांचा राग नाही माझ्या मनात. त्यांच्या काळी सगळं जगच ते म्हणत होतं. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी असा गहजब केला की ती शर्यतच बंद केली. बत्तीस वर्षं! १९६० ला परत आली. मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत नव्हतीच, तोवर बायकांना ऑलिंपिकमध्ये जास्तीत जास्त १,५०० मीटर. पहिली मॅरेथॉन लॉस एंजेलिसला झाली, अमेरिकेची जोन बेनॉइट जिंकली, पण मला त्यातली स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस आठवते. उन्हाने तिचं अर्धं अंग वाकडं झालं होतं. स्टेडियममधली शेवटची फेरी पुरी करायला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टर बाजूने चालत होते, पण हात लावला असता तर ती बाद झाली असती. तिला घाम येतोय म्हणजे अंगात पाणी आहे, एवढं बघून त्यांनी हात मागे ठेवला. तिला तिची वाट संपवू दिली. सदतिसावी आली ती, आणि थोड्या वेळात बरीही झाली.

आणि लांबचं कशाला. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली आली, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी आपली बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत दिसली. त्याच वर्षी नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत रिओची मॅरेथॉन पळाली. यंदा पॅरिसच्या मॅरेथॉनला आपली एकही नव्हती. रविवारी मी प्रत्येकीच्या छातीवरचं देशाचं नाव वाचत होते. माहीत होतं तरी वाचत होते.

थोरली ऑलिंपिकला जाईल असं मी म्हणत नाही. जाईल किंवा तालुक्यालाही हरेल. पण तिला पळायला आवडतं, आणि तिचं पळणं दुसऱ्या कुणी थांबवू नये. दहावीचा अभ्यास पहाटेच्या चाळीस मिनिटांनी बुडत नाही. अंधाराची काळजी खरी आहे, त्यासाठी दादाने मोटारसायकल घेऊन मागे जावं, नाहीतर शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारू देत. हाफ पँटवर लोक बोलतात तर ट्रॅकपँट घालू दे, पण पळू दे. वारीला तू पहिल्यांदा निघालीस तेव्हाही लोक बोललेच होते ना? घर टाकून बाई वीस दिवस निघाली म्हणून. तेव्हा तू कुणाला विचारलं नव्हतंस. तुळस डोक्यावर घेतलीस आणि निघालीस.

या वेळी बोल आई. नाना तुझं ऐकतात, दादाही ऐकतो. मी इतक्या लांबून बोलले तर शिकवते म्हणतील.

मी दिवाळीला येते आहे, येताना तिच्यासाठी पळायचे बूट आणते. सध्याचे तिचे कसले आहेत ते मी फोटोत पाहिलेत, टाचेकडून पार झिजलेत, तसल्या बुटांनी पाय दुखावू शकतो. तर एवढं कर. वहीचा कागद फरशीवर ठेव, भिंतीला टाच टेकवून तिला उभी कर आणि पेन्सिलीने पावलाची कड काढ. सकाळी नको, संध्याकाळी कर, दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांचं घे, एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. अंगठ्यापासून टाचेपर्यंत पट्टीने मोजून सेंटिमीटर लिही आणि कागदाचा फोटो दादाला न सांगता शेजारच्या वहिनींच्या फोनवरून पाठव.

आणि कणगीमागे बघ एकदा, ते बूट अजून आहेत का.

नानांना आणि दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझ्या पायाचे फोड बरे झाले का ते कळव.

तुझी,
धाकटी