सुळेदार स्मायलोडॉन वाघाचा पूर्वज नव्हे

महोदय,

मार्जारकुळाच्या उत्क्रांतीवर काही छापून आले की सोबत बहुतेक वेळा एकच चित्र असते: जबड्याबाहेर आलेल्या लांबलचक सुळ्यांचा स्मायलोडॉन, आणि खाली ओळ, 'वाघाचा पूर्वज'. मुले हेच पाठ करतात, म्हणून हे पत्र.

स्मायलोडॉन वाघाचा पूर्वज नाही, मांजराचाही नाही. त्याच्या अवशेषांतून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आज जिवंत असलेल्या सगळ्या मार्जारांची वंशरेषा आणि या सुळेदारांची वंशरेषा फार पूर्वीच वेगळी झाली होती, हे त्यातून दिसले. पुढच्या संशोधनात ही फारकत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची निघाली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी स्मायलोडॉन नामशेष झाला आणि त्याची शाखा तिथेच संपली.

मुळाशी शोधायचे तर प्रोएल्युरसकडे जावे लागते. फ्रान्समध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ आंरी फिलोल यांनी १८७९ मध्ये त्याला हे नाव दिले. अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी घरच्या मांजरापेक्षा थोडाच मोठा, नऊ किलोंच्या आसपास भरेल इतका. त्याच्या जबड्यात आजच्या मांजरापेक्षा जास्त दात होते, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पुढच्या पिढ्यांत मागच्या चावायच्या दाढा गेल्या, तोंड आखूड झाले, चाव्याला जोर आला आणि मांस कातरणाऱ्या दाढा तेवढ्या उरल्या. पूर्ण मांसाहाराची ही वाट इतकी पक्की झाली, की गोड चव ओळखणारे एक जनुकही मार्जारांमध्ये निकामी झाले आहे. इतके सुंदर उदाहरण हाताशी असताना आपण नुसते सुळेच दाखवत बसतो, याचे वाईट वाटते.

प्रोएल्युरसनंतर स्यूडेल्युरस हा प्राचीन मार्जार आला आणि युरोप, आशिया, उत्तर अमेरिकेत पसरला. आजच्या वाघ-सिंहांचा आणि मांजरांचा समाईक पूर्वज मात्र बराच अलीकडचा, जेमतेम एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीचा असावा, असे जनुकीय अभ्यास सांगतात. म्हणजे मांजरापासून वाघ झाला नाही आणि वाघापासून मांजरही नाही. दोघे एकाच घराण्यातले चुलते-पुतणे.

पुढच्या वेळी या विषयावर मजकूर छापाल तेव्हा एकामागोमाग उभ्या प्राण्यांच्या रांगेऐवजी फांद्यांचा वंशवृक्ष द्यावा. बुंध्याजवळ प्रोएल्युरस आणि खुंटलेल्या बाजूच्या फांदीवर स्मायलोडॉन, एवढे दाखवले तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक