सिस्टर, मण्यांची एक पिशवी माझ्याकडेच राहिली

आदरणीय सिस्टर,

नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. पण पत्र उघडंच लिहितेय. प्रदर्शनाच्या समारोपात ज्यांचे आभार मानले गेले, त्यांत कुलगुरूंपासून टेबलं वाहून नेणाऱ्या पोरांपर्यंत सगळे होते, फक्त तुम्ही नव्हतात. ती यादी मीच टाइप केली होती. "माझं नाव घेतलंस तर पुन्हा दार उघडणार नाही," असं तुम्ही म्हणालात आणि मी एवढी आज्ञाधारक निघाले, की 'एक सिस्टर' इतकंही लिहिलं नाही. ते चुकलंच.

जूनमध्ये साहेबांनी बोलावून सांगितलं, की नाशिक भागातल्या कॅथलिक संस्थांच्या जुन्या कागदांचं प्रदर्शन आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात लावायचं, काचेची चार कपाटं आहेत, ऑगस्ट गाठायचा. मी पंचवटीत वाढलेली. ख्रिस्ती म्हटलं की मला आठवणार फेब्रुवारीतली नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा, नाहीतर शाळेत शिकलेले रेव्हरंड टिळक. तरी मी हिरिरीनं यादी केली. सगळ्यात वर शरणपूर. 1854 साली मिशनऱ्यांनी वसवलेलं गाव, तिथं आणून शिकवलेली, गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं, आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट, जो 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत थेट इंग्लंडपर्यंत गेला. शरणपूर रोडला सिग्नलवर थांबताना हे कुणाच्या डोक्यात येतं? मला वाटलं, पहिलं कपाट तर भरलंच.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून यादी वाचलीत आणि म्हणालात, "छान आहे. पण ही मंडळी आमची नव्हेत."

मी म्हटलं, टिळक?

"तेही नव्हेत. बाई, शेजाऱ्याच्या सामानानं तू माझं अर्धं घर सजवलंस की."

मग चहा आला आणि त्या लाकडी बाकावर माझी खरी शिकवणी सुरू झाली. शरणपूर हे अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या, चर्च मिशनरी सोसायटीचं. त्या सोसायटीचं दप्तर आज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, तेही प्रॉटेस्टंटच. कॅथलिकांची वाट निराळी. तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं नकाशा काढलात तो माझ्याकडे अजून आहे. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख, झाला 15 मे 1987 ला. त्याआधी हा सगळा मुलूख पुणे धर्मप्रांतात, जो झाला 1886 ला. म्हणजे 1900 च्या सुमाराचा नाशिकचा कागद नाशिकमध्ये शोधणं हाच मुळात वेडेपणा. तो पुण्याला असेल, किंवा ज्या संघाच्या फादरांनी लिहिला त्या संघाच्या दप्तरात, किंवा वरिष्ठांना धाडलेलं पत्र असेल तर थेट रोमला. आणि इथं राहिलं असेल ते कुठल्या तरी मिशन बंगल्याच्या माळ्यावर, उंदरांच्या देखरेखीखाली.

"आमचं अर्काइव्ह म्हणजे काय गं," तुम्ही म्हणालात, "दोन लोखंडी कपाटं आणि एक मी."

अमेरिकेतल्या मठांचं तुम्हीच सांगितलंत. तिथं सिस्टर वयानं थकल्या, नव्या येईनात, मठ बंद होऊ लागले, आणि शंभर-दीडशे वर्षांच्या रोजनिश्या, पत्रं, शाळांची हजेरीपुस्तकं कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न उभा राहिला. बॉस्टन कॉलेज या जेझुइटांच्या (कॅथलिक फादरांचा एक संघ) विद्यापीठानं 2018 मध्ये यावर परिषदच भरवली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना हे कागद हवे असतात, कारण शाळा, दवाखाने, दुष्काळ, बायकांचं शिक्षण, सगळं त्यांत असतं. हे सांगताना तुम्ही स्वतःच्या कपाटांकडे एकदा पाहिलंत. मी तेव्हा काही बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला मी माझा गुन्हा कबूल केला. आमच्या ग्रंथालयात 'निरोप्या' या कॅथलिक मासिकाचा एक जुना अंक होता, कोपऱ्याला फाटलेला. तो मी प्रेमानं चिकटपट्टी लावून जोडला होता. तुम्ही तो हातात घेतलात आणि एखाद्या दुखऱ्या बोटाकडे बघावं तसं त्या पट्टीकडे पाहिलंत. चार-पाच वर्षांत हा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग पट्टी निघून येते आणि डाग राहतो. लावायचाच तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ, जी पाण्यानं पुन्हा सोडवता येते. लॅमिनेशनचं मी नाव काढलं तेव्हा तुम्ही नुसता हात वर केलात. मी गप्प.

पण त्या अंकामुळे तुम्ही मला फादर हेन्री डोरिंग दिलेत, आणि दुसरं कपाट त्यांचंच झालं. नगर जिल्ह्यातल्या केंदळला बसून या जर्मन जेझुइटानं 1903 मध्ये 'निरोप्या' हे मराठी मासिक काढलं. 1907 मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. मग पहिलं महायुद्ध. ब्रिटिशांच्या राज्यात जर्मन माणूस म्हणजे शत्रू. मिशनमधल्या जर्मन फादरांना नजरकैद, मग मायदेशी रवानगी. डोरिंग तेव्हा युरोपात होते, त्यांना परत येता येईना. 1921 मध्ये रोमनं त्यांना कुठं पाठवावं? हिरोशिमाला! आणि काही वर्षांनी गडी पुन्हा पुण्याला हजर. केंदळ, पुणे, हिरोशिमा, पुन्हा पुणे, असा बाण काढलेला नकाशा मुलांनी मोबाइलमध्ये टिपून नेला. त्या कपाटापाशी कायम गर्दी. माझ्या मूळ यादीत हा माणूस नव्हता.

'ख्रिस्तपुराणा'च्या फलकाचं श्रेय मात्र मी थोडं स्वतःकडे घेते. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं हे मराठी काव्य गोव्यात 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, आणि एक देवनागरी हस्तलिखित लंडनला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, एवढं मला ठाऊक होतं. मूळ वस्तू नाही तर फलक कशाला, असं साहेब म्हणत होते. तुम्ही म्हणालात, रिकामं कपाट ठेव आणि हे लिही. ठेवलं. लोक रिकाम्या काचेत वाकून बघत होते.

आता त्या रजिस्टरबद्दल.

नगरकडच्या एका गावच्या फादरांची परवानगी तुम्ही काढलीत आणि बाप्तिस्म्याचं ते जाडजूड रजिस्टर सुती धोतरात गुंडाळून एसटीनं आणलंत. कंडक्टर म्हणाला वर रॅकवर ठेवा, तर तुम्ही त्याला सांगितलंत, "हे आजारी आहे, मांडीवरच बसेल." टेबलावर उघडलं तेव्हा मला फक्त तपकिरी शाई आणि लॅटिन रकाने दिसले. तुम्ही बोट न टेकवता, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाखवत गेलात. दिवस. नाव. आईबाप. गाव. धर्ममाता, धर्मपिता. फादरची सही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1563 मध्ये लग्नांची वही ठेवण्याचा दंडक घातला तेव्हापासूनची ही शिस्त, लिहिणारा जर्मन असो की गोवेकर.

आणि मग तुम्ही समास दाखवलात. एका नोंदीसमोर, वेगळ्या हातानं, वेगळ्या काळ्या शाईत, बारीक दोन ओळी. ते त्याच मुलाचं लग्न, मुंबईत. रोमच्या 1907 च्या एका हुकमानं, जो 1908 च्या ईस्टरपासून लागू झाला, लग्न कुठंही लागलं तरी ते बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी टिपायचं ठरलं. म्हणजे मुंबईच्या फादरनं नगरच्या खेड्यात कळवायचं आणि इथल्यानं समासात उतरवायचं. माणूस गाव सोडून गेला तरी वही त्याच्या मागावर. मी पंधरा वर्षं ग्रंथालयात काढली, तोवर समास मला मोकळाच वाटायचा.

पानं उघडी राहावीत म्हणून तुम्ही त्या पांढऱ्या, लांबोडक्या पिशव्या काढल्यात. जुन्या झग्याच्या कापडाच्या, हातशिलाईच्या, बोटाएवढ्या जाड. उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं. मला वाटलं मोहरी. "मोहरीला कीड लागेल. तुटलेल्या रोझरींचे, आमच्या जपमाळांचे, मणी आहेत ते," तुम्ही म्हणालात. "टाकवत नाहीत, ओवायला वेळ नाही. इथं कामाला येतात." पानावर त्या अशा अलगद बसल्या, की काचेची पट्टी लागलीच नाही.

मग आपलं भांडण झालं. झालंच, सिस्टर, मी ते गोड करून सांगणार नाही. मला ते पान जसंच्या तसं दाखवायचं होतं. फादरांचे फोटो सगळेच लावतात. इथं पहिल्यांदा साध्या माणसांची नावं होती, शेतमजुरांची, त्यांच्या बायकांची. तुम्ही कागदाची पट्टी कापून नावांचा रकाना झाकलात. मी म्हटलं, झाकायचंच तर मांडायचं कशाला? तुम्ही म्हणालात, "या नावांची पणतवंडं आज नाशिकरोडला राहतात, नोकऱ्या करतात. पणजोबांचं जुनं नाव आणि नवं नाव एका ओळीत कुणीही येऊन वाचावं, याला त्यांनी होकार दिलाय का? तू विचारलंस?"

विचारलं नव्हतं. पट्टी राहिली. पान दिसलं, रकाने दिसले, समास दिसला, नावं नाहीत. मला अजूनही हे शंभर टक्के पटलेलं नाही. पण त्या पट्टीसमोर उभं राहून नावं का झाकलीत असं विचारणारे निदान पन्नास जण भेटले, आणि प्रत्येकाला उत्तर देताना मी तुमचंच वाक्य वापरलं.

दिवेही तुम्हीच बंद करायला लावलेत. कपाटावरच्या ट्यूबा काढल्या, मोबाइलवर प्रकाश मोजला, 50 लक्सच्या वर जाऊ दिला नाही. "अंधारात ठेवलंय सगळं," अशी तक्रार अभिप्राय वहीत तीनदा आहे. ऑगस्टची नाशिकची ओल तर विचारू नका. ग्रंथालयातल्या समस्त मंडळींनी घरचे बुटांचे खोके धुंडाळून सिलिका जेलच्या पुड्या आणून दिल्या.

आणि ते गुरुजी! हे तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. रामकुंडावरचे एक तीर्थोपाध्ये चौथ्या दिवशी आले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांच्या नामावळी आहेत. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी आणल्या, सोबत कोण होतं, सगळं लिहिलेलं, खाली यजमानाची सही. ते रजिस्टरपाशी थांबले आणि धार्मिक काही न विचारता धंद्यातलं विचारलं, "हे लावलंय कसं? गावाप्रमाणे की आडनावाप्रमाणे?" तुम्ही म्हणालात, तारखेप्रमाणे, शेवटी नावांची सूची. ते म्हणाले, "मग माणूस सापडायला वेळ लागत असेल. आमच्याकडे गाव सांगा, पाच मिनिटांत काढतो." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे तारीख सांगा, दोन मिनिटांत." पाऊण तास चाललं होतं तुमचं. कसर, ओल, शाई, आणि पुढे हे सांभाळणार कोण. त्यांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्याकडे तर तुम्हीच. मी दोन चहा आणून ठेवले, दोघांनीही घेतले नाहीत, कागदाजवळ चहा नको म्हणून.

रजिस्टर तुम्ही घेऊन गेलात त्या संध्याकाळी पोच लिहून घेतलीत, पानं मोजलीत, धोतराची गाठ दोनदा तपासलीत. पिशव्या मात्र मोजल्या नाहीत. सात होत्या, सहा गेल्या. सातवी माझ्या टेबलावर आहे आणि सध्या ग्रंथखरेदीची बिलं दाबून बसलीय. ती परत हवी असेल तर पुढच्या शनिवारी घेऊन येते. नको असेल तरी येतेच, कारण तुमची ती दोन कपाटं आतून पाहायची राहिलीत आणि साहेबांनी मला स्कॅनर घरी न्यायला परवानगी दिली आहे. नावांचा रकाना झाकूनच स्कॅन करायचा की कसं, ते तुम्ही ठरवा, मी भांडेनच.

तुमची,
ग्रंथालयातली, चिकटपट्टी लावणारी