फोटो छापता, तर कृतीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘९० दिवसांत सिक्स पॅक’ असा मथळा आणि खाली नटाचा उघड्या अंगाचा फोटो, हे पुरवण्यांतून नेमानं येतं. फोटो खरा असतो, पण ते शरीर दोन-चार तासांपुरतंच तसं असतं, हे कुणी छापत नाही. तालमीत आणि जिममध्ये येणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं तोच फोटो मोबाइलवर पुढे करतात, म्हणून हे पत्र.

शूटिंगआधी आठवडाभर भात-चपाती जवळजवळ बंद होते. स्नायूंतल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या साखरेसोबत) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. हा साठा उतरला की वजनकाटा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि लोक समजतात चरबी गेली. शेवटच्या दिवसांत पाणी आणि मीठ तोडतात, काही जण लघवीच्या गोळ्याही घेतात. कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी वीस-तीस जोर मारले की रक्त भरून दंड-छाती फुगते. मग अंगाला तेल, आणि दिवा समोरून न मारता बाजूनं किंवा वरून, म्हणजे पोटाच्या प्रत्येक खाचेत सावली पडते. जेवण-पाणी झालं की हे रूप ओसरायला लागतं. यात रक्तातल्या सोडियम-पोटॅशियम या क्षारांचं प्रमाण बिघडलं तर पोटऱ्यांत गोळे येण्यावर थांबेलच असं नाही, हृदयाचे ठोकेही चुकू शकतात.

पोटाचे चौकोन म्हणजे ताकद नव्हे. अंगातली चरबी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आली की ते दिसतात, इतकंच. पैलवानाची ताकद मानेत, कंबरेत आणि पंजात असते, आणि त्याच्या पोटावर खुराकाचा थर असणं हा दोष नाही. हल्ली मात्र पडद्यावरचा पैलवानसुद्धा कोरून काढलेला दाखवतात. हे आम्हाला खटकतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. आजच्या जाहिरातीच्या मापानं ते ‘बारीक’ ठरले असते.

या घाईतूनच पोरं सुईकडे वळतात. मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवण्याचं औषध. व्यायामाआधी ते टोचून घेतलं की थकवा कळत नाही, पण रक्तदाब आणि ठोके वाढतात, वर सवय लागते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना जाणारा संदेश थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू घटतात, रक्त दाट होतं. सुई सोडल्यावर शरीराचं स्वतःचं काम पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने जातात.

आमची मागणी साधी आहे. असा फोटो छापाल तेव्हा खाली दोन ओळी द्या: पाणी किती दिवस तोडलं होतं, फोटो व्यायामानंतर किती वेळानं काढला, औषधं घेतली होती का. उत्तर मिळालं नाही तर ‘माहिती दिली नाही’ असं छापा. आणि ‘तीन महिन्यांत बारा किलो स्नायू’ असा दावा आला तर तो तसाच पुढे ढकलू नका. नियमित मेहनत आणि पुरेसा खुराक असलेल्या नवशिक्या पोराचा स्नायू महिन्याला अर्धा, फार तर एक किलो वाढतो.

– तालमीतले वस्ताद व व्यायाम प्रशिक्षक, कोल्हापूर