नासका आंबा आणि अढी

महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावरचा एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) पंचगिरीवरचा लेख वाचला. हरलेल्या संघाचे चाहतेच पंचांच्या नावाने खडे फोडतात, हा सगळा रडीचा डाव आहे, असं लेखकमहाशय म्हणतात. असेलही. पण ३१ मे २००२ चा सामना त्यांनी पाहिलेला दिसत नाही.

मी पाहिलाय. तेव्हा नोकरीनिमित्त सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला होतो. सॅक्रामेंटोचा संघ किंग्ज लेकर्सविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने पुढे, सहावा सामना लेकर्सच्या घरी लॉस एंजेलिसला, जिंकले की थेट फायनल. चौथ्या क्वार्टरला पंचांच्या शिट्ट्या काही थांबेनात. बारा मिनिटांत लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोफत फटके), किंग्जना ९! लेकर्सच्या शाकील ओनीलला अडवणारे किंग्जचे दिवाच आणि पोलार्ड दोघेही सहा-सहा फाउल झाल्याने बाद होऊन बाकावर. आणि अगदी शेवटी लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, रक्त आलं, तेव्हा मात्र कोणाची शिट्टी वाजली नाही. माझा रूममेट कट्टर लेकर्सवाला, एरवी फ्रीजमधल्या दुधावरूनही हुज्जत घालणारा. तोही खाली मान घालून मोबाइल चाचपत बसला. लेकर्स जिंकले, १०६-१०२. रविवारी सातवा सामना किंग्ज स्वतःच्या कोर्टवर ओव्हरटाइममध्ये हरले. त्यात त्यांनी फ्री थ्रो ढिगाने वाया घालवले, तो दोष पंचांचा नाही, हे मीच सांगून टाकतो. पण तो सामना खेळायची वेळ का आली? ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी तेव्हा लीगच्या आयुक्तांना जाब विचारणारं पत्र धाडलं होतं. तेही रडेच म्हणायचे का?

सामन्यांवर सट्टा लावताना पकडलेल्या टिम डोनाघी या एनबीए पंचाला लेखकाने 'एक नासका आंबा' म्हणून बाजूला काढलंय. अढी कोणी तपासली? लीगनेच नेमलेल्या वकिलाने. २००२ चा तो सामना पंचांनी मुद्दाम फिरवला, असा डोनाघीचा आरोप होता; २००८ साली वकिलांना त्याबद्दल काही सापडलं नाही. डोनाघी स्वतः त्या सामन्यात पंच नव्हता आणि तुरुंगाच्या वाटेवरच्या माणसाचा शब्द किती धरायचा, हेही आहेच. तरी घरच्याच माणसाकडून घरची झडती, याला आपल्याकडे काय म्हणतात ते संपादकांना सांगायला नको.

२०१५ पासून लीग अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून चुका जाहीर करते, याचं लेखकाला भारी कौतुक. निकाल बदलतो का? नाही. वरातीमागून घोडे! त्या क्वार्टरच्या आधीच्या दहा मिनिटांतल्या चुका तर जाहीर होतच नाहीत.

जाता जाता. आपल्या राज्य बास्केटबॉल स्पर्धांचे निकाल तुमच्या पानावर शोधून सापडत नाहीत, क्रिकेटपटूंच्या नव्या केशरचनेला मात्र तीन कॉलम. शिवाय त्या लेखाची शेवटची ओळ क्लासच्या जाहिरातीखाली गडप झाली आहे. लेखकाने निष्कर्ष काय काढला होता, तेवढं तरी छापा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे