नुसतं इंजेक्शन

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू क्लिनिकचं ते चरबी विरघळवायचं पॅकेज सांगितलंस, हनुवटीला आणि मांडीला, आणि म्हणालीस, "आई, ऑपरेशन नाहीये गं, नुसतं इंजेक्शन आहे." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते 'नुसतं' माझ्या डोक्यातून जात नाही. ग्रामीण रुग्णालयात ३१ वर्षं मी इंजेक्शनंच दिली. साध्या सुईने गळू होऊन चीर द्यावी लागलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर ड्रेसिंगला बसली आहेत. औषध बहुतेक वेळा चांगलंच असायचं. कोणी टोचलं, कुठे टोचलं, सुई कशी होती, त्यात घोळ झालेला असायचा. फोनवर हे सगळं धड सांगता आलं नसतं, पप्पा ओट्यावरच बसले होते. म्हणून लिहिते.

तू दोन गोष्टी एकत्र करते आहेस. हनुवटीखालची चरबी वेगळी आणि मांडीवरचे खळगे वेगळे.

हनुवटीचं आधी. त्या औषधाला डीऑक्सिकोलिक ॲसिड म्हणतात. आपल्या पित्तातच ते असतं, खाल्लेलं तूप-तेल पचवायला मदत करतं. कातडीखालच्या चरबीत टोचलं की चरबीच्या पेशी फोडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये त्याला परवानगी दिली, पण फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. मांडी, पोट, दंड त्यात नाहीत. एका बैठकीत ५० पर्यंत टोचे, दोन बैठकांत निदान एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा बैठका. बहुतेकांना सूज येते, काळंनिळं होतं, बधिरपणा तर काही आठवडे राहतो. औषध कातडीच्या फार जवळ पडलं तर तिथली कातडी मरते, जखम होते. जबड्याच्या कडेने एक बारीक नस जाते, तिला धक्का लागला तर हसताना ओठ वाकडा होतो. चाचण्यांमध्ये शंभरात साधारण चौघांना हे झालं. आपोआप बरं झालं, पण काहींना महिने लागले. तुझं लग्न मार्गशीर्षात आहे, बेटा. हाती तीन महिने. तूच हिशेब कर.

आता मांडीचं. आपल्या दारात पिंजारी बसायचा, आठवतो? कापूस भरून झाला की मोठ्या सुईने गादीला टाके घालायचा. टाका पडला तिथे खळगा, दोन टाक्यांच्या मध्ये फुगवटा. मांडीच्या कातडीखाली अगदी तेच असतं. कातडीला आत खेचून धरणारे चिवट धागे म्हणजे ते टाके, आणि मधे फुगते ती चरबी. वयात आलेल्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद बायकांना हे कमीजास्त असतं, बारीक असल्या तरी. मला आहे. तुझ्या आजीला मी रोज अंघोळ घालते, आता तिच्या अंगावर मांस म्हणून उरलेलं नाही, तिलाही आहे. नुसती चरबी विरघळवून टाके कसे सुटतील?

टाके तोडणारं इंजेक्शनही निघालं होतं. एका जिवाणूपासून काढलेलं कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये बायकांच्या नितंबांवरच्या खळग्यांसाठी त्याला परवानगी मिळाली. काळेनिळे डाग इतके पडायचे आणि काहींच्या कातडीचा रंग इतके दिवस बदललेला राहायचा, की डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच ते बंद केलं. मग तुझ्या पॅकेजमध्ये मांडीसाठी जे लिहिलंय ते नेमकं काय आहे? 'फॅट डिझॉल्व्ह' हे औषधाचं नाव नव्हे. त्याच अमेरिकेच्या प्रशासनाने परवानगी नसलेल्या अशा इंजेक्शनांबद्दल लोकांना सावध केलंय. कायमचे व्रण, संसर्ग, कातडीखाली दुखऱ्या गाठी, असं सगळं झालेलं आहे. आणि ज्या चरबीने पप्पांना शुगर लागली, ती पोटाच्या आत, यकृताभोवती असते. तिथवर ही सुई जात नाही.

हे सगळं लिहिलं, पण खरं लिहायचं ते राहूनच जात होतं. अखाजीच्या सणाला तू घरी आलीस. दारात पाय ठेवताच आजी म्हणाली, "कितली सुकाई गई वं माय!" आणि मी म्हणाले, ब्लाउज दंडात बसेना झालंय, लग्नाच्या फोटोत कसं दिसेल. मावशी होती, काकू होती, सगळ्यांदेखत म्हणाले. तू खापरावरची पुरणपोळी अर्धी टाकून उठलीस. झोक्यावर एकटी जाऊन बसलीस. मी पाहिलं आणि तरी बोलले नाही. कानबाईच्या सणाला आलीस तेव्हाही रोट हातात घेऊन नुसती चिवडत होतीस. अखाजीला चार महिने झाले. तुझ्या मांडीतली खोट त्या क्लिनिकवाल्यांनी नंतर दाखवली असेल, पहिल्यांदा बोट मी ठेवलं. माझं चुकलं, ताई. आईने असं बोलायचं नसतं, आणि चारचौघांत तर नाहीच.

म्हणून मी तुला 'घेऊ नकोस' असं सांगणार नाही. पगार तुझा आहे, शरीर तुझं आहे. पण घ्यायचंच असेल तर लग्नानंतर घे. कातडीच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरने स्वतः टोचायला हवं, मदतनिसाने नाही. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघून घे. बाटली तुझ्यासमोर फोडायला सांग. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर अजिबात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अगदी ॲस्पिरिनसुद्धा, तर आधी सांग. घेतल्यावर गिळायला त्रास झाला, ओठ वाकडा वाटला, कातडी काळी पडू लागली, तर सकाळची वाट बघू नकोस.

आणि ॲडव्हान्स भरायच्या आधी एवढं कर. क्लिनिकमध्ये जाऊन बाटली बघायला माग. तिच्या लेबलचा फोटो काढ, औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत, सगळं दिसेल असा, आणि मला पाठव. त्यांनी दाखवली नाही, तर तेही कळव. मी फोन उशाशी ठेवून झोपते, कितीही वाजता पाठव.

तुझी,
आई