डिस्चार्ज मिळाला, पण परत चालायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो आणि त्या आठवड्यात सगळ्याच पेपरांत माहिती येते की तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की लगेच हॉस्पिटल गाठा, साडेचार तासांच्या आत मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं तर मेंदूचं नुकसान कमी होतं. हे छापायलाच पाहिजे, वर्षातून एकदा नाही तर दर महिन्याला छापा. पण पेशंट वाचला, घरी आला, आता पुढे काय, याच्याबद्दल मी तरी कधी नीट वाचलेलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या मिस्टरांना स्ट्रोक आला तेव्हा आम्ही वेळेत पोचलो, इंजेक्शन मिळालं, डॉक्टरांनी मनापासून केलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी पानभर होती आणि सगळ्यात खाली एक ओळ, फिजिओथेरपी चालू ठेवणे. कोणाकडे, कुठे, आठवड्यातून कितीदा, काही नाही. डावा हात डावा पाय गेलेला, पलंगाच्या कडेला बसवलं तरी एका बाजूला कलणारा माणूस घेऊन आम्ही नेरुळला आलो, सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सोसायटीतल्या मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून वर आणलं.

आणि हे फक्त आमचंच नाही. नेरुळ, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, सीबीडी, कुठेही जुन्या सिडको बिल्डिंगी बघा, तीन-चार मजले आणि जिना, आणि तरुणपणी तिथे राहायला आलेली माणसं आता सत्तरीला टेकलीत. लकवा झालेला पेशंट एकदा वर गेला की महिनोन्महिने खाली उतरत नाही. महापालिकेच्या हॉस्पिटलात न्या म्हणतात, पण न्यायचं म्हणजे उचलायला दोन-तीन माणसं, मग रिक्षा, मग लाइन, मग परत तीन मजले वर, मुलगा नोकरी सोडून रोज कसा थांबणार. हाजी अलीला केंद्र सरकारची मोठी पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, पण नेरुळहून हार्बर लोकलने अशा माणसाला घेऊन रोज जाऊन दाखवा. मग उरतो घरी येणारा फिजिओ. आमच्या भागात एका व्हिजिटचे पाचशे ते हजार घेतात, त्यांचंही चुकत नाही, त्यांनाही एकेक जिना चढून यायचं असतं, पण पेन्शनवर ते किती महिने झेपणार? आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग बंद, असं मी ओळखीच्या कितीतरी घरांत बघितलंय.

सत्तरी पार केलेल्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण ते अॅडमिट झाल्यावरचं, आणि डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरतात. आता गंमत नाही ही, नीट बघा, स्ट्रोकनंतर मेंदू सगळ्यात जास्त सुधारतो तो पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे ज्या काळात पेशंटला सगळ्यात जास्त मेहनत करून घ्यायची त्यातले अडीच महिने सरकारी हिशोबात नाहीतच.

मला आधी वाटायचं फिजिओ म्हणजे हातपाय हलवून देणं, तेल लावून मालिश केल्यासारखं. तसं नसतं. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही पण आजूबाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा मेंदू ते काम शिकू शकतो, मात्र पेशंटने स्वतः ती हालचाल करायचा प्रयत्न केला आणि परत परत केला तरच. दुसऱ्याने हात वरखाली करून दिला तर सांधा मोकळा राहतो, मेंदू काही शिकत नाही. आमच्या फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी आल्या आल्या काय केलं तर दंडाला धरून उठवणं बंद करायला लावलं. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, हात धरून ओढला की खांदा खोबणीतून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो, पेशंट दुखण्यामुळे व्यायामच टाळायला लागतो. उठवताना कमरेला पट्टा बांधून तिथे धरायचं, झोपताना त्या हाताखाली उशी द्यायची, एवढं साधं हॉस्पिटलात कोणीतरी पाच मिनिटं उभं राहून दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं. नातेवाईकांनी प्रेमाने आणून दिलेला रबरी बॉल पण त्यांनी काढून घेतला, कारण ह्यांची बोटं आधीच आत वळायला लागली होती आणि बॉल दाबून ती आणखी आत जाणार होती, त्यांना बोटं उघडायची प्रॅक्टिस हवी होती. कोणी कोणी तर कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगून गेलं. लोकांना राग येईल पण लिहिते, असल्या गोष्टींत जे आठवडे जातात ते परत मिळत नाहीत.

मग सुरू झालं ते बसण्यापासून. आधार न घेता बसणं, बसल्या बसल्या डावीकडे वजन टाकणं, मग खुर्चीतून उठणं आणि परत बसणं, तेच परत परत. बघणाऱ्याला वाटेल ह्यात काय आहे, पण उठून उभं राहताना माणूस सगळा भार चांगल्या पायावर टाकतो आणि लुळा पाय नुसता बाजूला ठेवतो, मॅडम त्यांचा डावा पाय मुद्दाम थोडा मागे घ्यायला लावायच्या म्हणजे त्याला काम करावंच लागेल. पाऊल उचलताना पुढून लोंबायचं, त्यासाठी पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट बनवला. काठी चांगल्या हातात धरायची हे पण सांगावं लागतं, बरेच जण लुळ्या बाजूला देतात. तोल मोजायची एक परीक्षा असते, बर्ग स्केल म्हणतात, १४ कामं आणि ५६ मार्क, उभं राहणं, मागे वळून बघणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, एका पायावर उभं राहणं अशी. दर थोड्या दिवसांनी मार्क वाढलेले दिसले की ह्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा, कारण बाकी सगळं जग त्यांना फक्त काय येत नाही तेच सांगत होतं.

सगळ्यात अवघड गेला जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी, हे पाठ झालं. पण आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला, चढताना तो उजव्या हाताला येतो, ठीक आहे, उतरताना तोच डाव्या बाजूला जातो आणि डावा हात तर धरू शकत नाही. म्हणजे वर यायचं जमलं आणि खाली जायचं नाही! सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, सेक्रेटरींनी मनावर घेतलं आणि भिंतीच्या बाजूने तळमजल्यापासून वरपर्यंत पाइप बसवून दिला. आता बिल्डिंगमधले सगळेच म्हातारे तो धरतात, गुडघेवाले जास्तच. माझी कळकळीची विनंती आहे, लिफ्ट नसलेल्या प्रत्येक सोसायटीने हे करावं, रिडेव्हलपमेंटची वाट बघत बसू नये, त्याला किती वर्षं लागतील देव जाणे.

आता थोडं अभ्यासाचं, कारण मी हे नुसतं आमच्या अनुभवावरून लिहित नाहीये, मुलीने शोधून दिलेलं आहे. भारतातच एक मोठी ट्रायल झाली, अटेंड नावाची, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात छापून आली. घरच्या माणसाला ट्रेनिंग द्यायचं आणि पेशंटचे व्यायाम त्यानेच करून घ्यायचे, हे पुरतं का हे बघायचं होतं. नाही पुरलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत, असं ट्रेनिंग दिलेल्या आणि न दिलेल्या, सारखंच निघालं, शंभरातले ४७ एकतर वारले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. म्हणजे घरच्यांनी करायचं नाही असं नाही, आम्ही सगळं केलं आणि अजून करतो, पण शिकलेल्या माणसाची जागा बायको किंवा सून घेऊ शकत नाही. दुसरी अमेरिकेतली, २०११ ची, लीप्स नावाची, ४०८ पेशंट. एका बाजूला वरून पट्ट्यांनी लटकवून ट्रेडमिलवर चालवणं, दुसऱ्या बाजूला फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेणं. वर्षाच्या शेवटी दोघांचं चालणं सारखंच सुधारलेलं. आणि ज्यांना ट्रेडमिल सहा महिन्यांनी सुरू केली तेही वर्षाअखेर तिथेच पोचले, त्यामुळे "आता सहा महिने झाले, जेवढं यायचं तेवढं आलं" असं जे कोणी तोंडावर सांगतं ना पेशंटला, ते कृपा करून थांबवा.

हे दोन्ही एकत्र ठेवलं की मला तरी एकच दिसतं. महागडी मशीनं नकोत, एसी रिहॅब सेंटर नको, घराजवळ शिकलेला फिजिओ पाहिजे आणि तो नियमित पाहिजे. मग हे महापालिकेला न झेपण्यासारखं आहे का? नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगरात, नागरी आरोग्य केंद्र आहे, लसीकरणाला सगळे तिथेच जातात. तिथे आठवड्यातून दोन-तीन दुपारी फिजिओ बसवा आणि उरलेल्या दिवशी त्यांना जिना न उतरू शकणाऱ्यांच्या घरी पाठवा. आपल्याकडे नेरुळला, कामोठ्याला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, इंटर्नशिप करणारी मुलं आहेत, एक सीनियर माणूस डोक्यावर ठेवून त्यांना ह्या कामाला जोडता येईल, मुलांनाही खऱ्या घरातला खरा पेशंट बघायला मिळेल, जिथे बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय कसा टाकायचा हाच मोठा प्रश्न असतो.

आणि ज्यांना स्ट्रोक झालेला नाही त्यांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे जातात, आणि त्यात सगळ्यात जास्त वयस्कर. वय झालं की पडणारच असं आपण धरून चालतो पण तोलाचे आणि पायाच्या ताकदीचे व्यायाम केले तर पडणं साधारण पाव हिश्शाने कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. नुसतं पाम बीचवर किंवा गार्डनमध्ये फेऱ्या मारून तोल सुधारत नाही, चालणं चांगलंच आहे, पण टाचेवर, चवड्यावर, एका रेषेत, बाजूला, हात न टेकता खुर्चीतून उठणं हे वेगळं करावं लागतं. घरी एक साधी तपासणी करता येते, शेजारी कोणीतरी उभं ठेवून करा, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा त्याच्यापेक्षा जास्त लागले तर पडायचा धोका आहे समजून फिजिओला दाखवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, पेपर, कॅरम, भजन सगळं छान चालतं, तिथे सकाळी अर्धा तास तोलाचा वर्ग सुरू केला तर खर्च तो किती, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि शिकवणारा एक माणूस. जागा आहे, माणसं रोज येतातच.

आयुक्त साहेबांना आणि आमच्या प्रभागातल्या पुढाऱ्यांना हे आपल्या पेपरमार्फत सांगायचंय की सुरुवात एकाच नोडमध्ये करा, नेरुळमध्ये करा, हवं तर मी आणि आमचा ज्येष्ठ नागरिक संघ घरं शोधून द्यायला तयार आहोत, कुठल्या बिल्डिंगमध्ये कितव्या मजल्यावर कोण झोपून आहे हे आम्हाला माहीत असतं. आणि सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलांनी डिस्चार्जच्या कागदावर ती एक ओळ न लिहिता जवळच्या केंद्राचं नाव, पहिल्या भेटीची तारीख लिहून द्यावी आणि पेशंटला बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं हे घरच्यांकडून एकदा करून घेतल्याशिवाय घरी सोडू नये.

आपली एक नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई