मुलांच्या बांधकाम-वर्गासाठी सामान, हत्यारे आणि वेळ देण्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या बालविभागात गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून दर शनिवारी दुपारी ४ ते ६ या वेळेत इयत्ता चौथी ते सातवीच्या मुलांसाठी एक वर्ग चालतो, ज्यात मुले घरातल्या वस्तूंपासून पूल, मनोरे, गाड्या आणि उचलयंत्रे बांधतात. सध्या १८ मुले येतात, आणखी १४ मुलांची नावे प्रतीक्षायादीत आहेत. जागा आहे, सामान आणि माणसे नाहीत, म्हणून हे आवाहन.

या कामाची वाट आमच्या आधी अनेकांनी पाडलेली आहे. १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलची वालट्यूब (चाकाच्या हवेच्या झडपेवरची बारीक रबरी नळी) यांतून जोडणीचे खेळ तयार केले, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली. आमचा पहिला धडा तोच असतो. गूल खरवडलेल्या चार काड्या वालट्यूबच्या तुकड्यांनी जोडून केलेला चौकोन बोट लावताच कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. मागच्या महिन्यात पाचवीतली एक मुलगी अर्धा तास चौकोनच घट्ट करायच्या नादात होती. शेवटी खराट्याचा हीर कापून तिने तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवा घातला आणि कुणाकडेही न बघता पुढच्या चौकोनाला लागली. रेल्वेच्या लोखंडी पुलात तिरप्या पट्ट्या का असतात, हे तिला आता फळ्यावर काढून दाखवण्याची गरज उरलेली नाही.

सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मागच्या वेळी चांगल्या मनाने आलेले निम्मे सामान टाकून द्यावे लागले. टीव्ही, मिक्सर, पंखे यांची मोठी खोकी हवी आहेत; परंतु ती पायाने दामटून आणू नयेत, चिकटपट्टी सोडवून मूळ घडीवरच सपाट करावीत. या पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये कागदाच्या पन्हळी असतात, सगळी ताकद त्यांचीच असते, आणि भलत्या जागी दुमडलेला पुठ्ठा तुळई म्हणून उभाच राहत नाही. वर्तमानपत्रांची रद्दी कोरडी असावी, कारण तिच्या घट्ट सुरळ्या करून आम्ही मनोऱ्याचे खांब करतो. याखेरीज बाटल्यांची झाकणे, आइस्क्रीमच्या धुतलेल्या काड्या, सुतळी, बिघडलेल्या खेळण्यांतील छोट्या मोटरी आणि सायकलच्या चाकाचे जुने आरे उपयोगी पडतील. काचेच्या वस्तू, औषधांच्या बाटल्या आणि वापरलेल्या सिरिंज कृपया देऊ नयेत. नळीने जोडलेल्या दोन सिरिंजमध्ये पाणी भरून मुले उचलयंत्र करतात, आणि लहान सिरिंज दाबून मोठीने वजन उचलले की जोर कमी लागतो, पण दट्ट्या जास्त लांब ढकलावा लागतो, हे त्यांच्या हातालाच समजते. त्यासाठी सुईविना नव्या सिरिंज आम्ही विकत घेतो.

खर्चाचा हिशेब असा : खळ, चिकटपट्टी, वालट्यूब, सिरिंज वगैरे मिळून एका मुलामागे महिन्याला सुमारे ६० रुपये लागतात, म्हणजे ३२ मुलांसाठी सहा महिन्यांचे ११,५२० रुपये. छोट्या करवती, पकडी, टोचे, कानशी आणि बोथट टोकाच्या कात्र्या यांसाठी आणखी ८,५०० रुपये हवेत. हत्यारे वापरलेली पण चालू स्थितीतली असली तरी चालतील. देणगीची पावती कार्यालयात मिळेल.

सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे. निवृत्त फिटर, सुतार, गवंडी, शिंपी, कारखान्यात काम केलेली मंडळी यांनी महिन्यातले दोन शनिवार दिले तर प्रतीक्षायादी संपेल. अट एकच, की मुलाच्या हातातले काम आपल्या हातात घेऊ नये. (हौशी पालकांनी रात्रभर बसून पूर्ण केलेले दोन पूल कपाटावर आहेत, ते फार देखणे आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही.)

सामान रविवार सोडून रोज सायंकाळी ५ ते ७ या वेळेत वाचनालयाच्या मागील दाराने स्वीकारले जाईल. किराणा दुकानदारांना एक वेगळी विनंती : इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून पडून असलेली अर्ध्या, एक व दोन किलोची लोखंडी वजने आम्हाला उसनी द्यावीत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलांचे पूल मोडेपर्यंत त्यांवर भार टाकला जातो, आणि सध्या ते काम आम्ही शब्दकोशांवर भागवत आहोत.

कार्यकारी मंडळ व बालविभाग समिती